पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो 'परमुलखातली सेवा'. फोनवर पुस्ती जोडली, ''एखादा लहानसा देश बघा. समुद्राकाठचा, नारळी-पोफळीचा. तिथं जाऊन काम करून आलेला आपल्याकडचा कुणी सापडला तर फार बरं.''

केजमध्ये बसून असा देश कुठं शोधायचा? आमच्या तालुक्यातली माणसं परमुलखात जातात ती हातात ऊसतोडीचा कोयता घेऊन. दिवाळीच्या मागंपुढं ट्रकात संसार चढतो आणि कारखान्याचा पट्टा पडला की माणसं गावी येतात. ती सेवा नव्हे, पोटाची सोय. हल्ली शहरांतली मुलं पैसे भरून परदेशात पंधरा दिवस स्वयंसेवक होतात, कुठं शाळेच्या भिंती रंगवतात, कुठं कासवांची अंडी राखतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, पण त्यातलं कुणी माझ्या ओळखीचं नाही.

शोधता शोधता लक्षात आलं की असा एक देश आपल्या शेजारीच होता. ३,७०२ चौरस किलोमीटरचा. आमचा बीड जिल्हा १०,६९३ चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्यात असे जवळजवळ तीन देश मावले असते. समुद्र होता, माड होते, स्वतंत्र नाणं होतं, सरहद्दीवर बंदूकधारी शिपाई होते आणि राज्य चालत होतं लिस्बनहून. १९ डिसेंबर १९६१पर्यंत गोवा हा भारताच्या नकाशावरचा परमुलूखच होता. तिथं मराठी मुलखातून स्वयंसेवक गेले, तुकड्या करून, अनवाणी, पावसात. त्यांच्यातले बहुतेक जण काही दिवसांत मार खाऊन परत आले. काही दीड-पावणेदोन वर्षांनी आले. काही आलेच नाहीत.

निजामाच्या मुलखातली माणसं

१९५५ साली केज महाराष्ट्रात नव्हतं. ते होतं हैदराबाद संस्थानातून झालेल्या हैदराबाद राज्यात. मराठवाडा तिथून सुटून मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ला. त्यामुळं गोव्याकडे निघालेल्या मराठवाड्यातल्या माणसाला आधी आपलं राज्य ओलांडून दुसऱ्या राज्यात जावं लागे आणि मग दुसऱ्या देशाच्या हद्दीवर.

पण सरहद्द ही गोष्ट या माणसांना नवी नव्हती. निजामाविरुद्धच्या लढ्यात सोलापूर-बार्शीच्या बाजूला हद्दीपलीकडे कॅम्प पडले होते. रझाकारांच्या धाकानं गावं सोडून गेलेली कुटुंबं, रात्री हद्द ओलांडून आत येणारे तरुण, नाक्यावर गोळीबार, हे सगळं आमच्या भागानं बघितलं होतं. १७ सप्टेंबर १९४८ला ते संपलं. त्याला सात वर्षंही झाली नव्हती. या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हेही बाहेरूनच आलेले. जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. केजपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, योगेश्वरी शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. बाहेरून आलेला माणूस आपल्यासाठी राबतो, तुरुंगात जातो, हे ज्या भागानं अनुभवलं तिथल्या पोरांना आता आपली पाळी आली असं वाटलं तर नवल नाही.

केजमधल्या एका निवृत्त गुरुजींना भेटलो. आता ऐंशीच्या घरात आहेत, कान जड, पण आठवण ताजी. त्यांच्या वाडीतला एक तरुण १९५५ साली गोव्याला गेला होता.

''मी धा वर्साचा असन,'' गुरुजी सांगू लागले. ''त्याची माय दारात बसून रडायली. म्हनायची, पंढरीला गेलेला मानूस परत येतो, ह्यो कुठं चाललाय त्ये तरी सांगा. गोवा कुठं हाये, कोनालाच ठाव न्हवतं. मास्तरानं शाळंतला नकाशा आनून तिला दावला. तिला नकाशा काय कळनार? म्हनली, पानी हाये का तिथं? मास्तर म्हनला, लई हाये. तवा जरा गप झाली.''

पाणी आहे म्हटल्यावर गप होणारी आई आमच्याकडेच भेटायची.

केजला रेल्वे तेव्हा नव्हती, अजूनही नाही. बार्शी लाइटची छोटी गाडी मात्र लातूरहून निघून कुर्डुवाडी, पंढरपूर करत थेट मिरजेपर्यंत जायची. मिरजेला मोठ्या डब्यांची गाडी धरायची, बेळगाव गाठायचं आणि तिथून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, बांदा. दुष्काळी मुलखातला माणूस ऐन श्रावणात त्या घाटात उतरला की काय होत असेल? बीडला वर्षाकाठी जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात तीन हजारांच्या आसपास. गुरुजींच्या वाडीतला तो तरुण पुढं आयुष्यभर गोव्याबद्दल दोनच गोष्टी सांगायचा. एक, तिथं लई पाऊस. दोन, भातानं पोट भरत नाही.

फक्त चालत जायचं

सत्याग्रहाची व्यवस्था कशी होती, हे समजून घेण्यासारखं आहे. १९५४च्या १५ ऑगस्टला तेरेखोल आणि इतर ठिकाणांहून सत्याग्रही आत शिरले ते गोमंतकीय होते. बाहेरच्यांनी जाऊ नये, ही तेव्हा भारत सरकारची भूमिका होती आणि पोलीस त्यांना हद्दीवरच अडवत. पण पोर्तुगीज सरकार हलेना. मग पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. केशवराव जेधे, जयंतराव टिळक यांच्यासारखी, एरवी एका मांडवात न दिसणारी माणसं तिच्यात होती. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघवाले, हिंदुसभेचे, सगळे आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुढं जी मोट बांधली गेली तिची रंगीत तालीम इथंच झाली, असं माझं मत आहे.

पहिली मोठी तुकडी १८ मे १९५५ला आत गेली. पुढारी नानासाहेब गोरे, बरोबर सेनापती बापट. बापटांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. मग शिरुभाऊ लिमये, जगन्नाथराव जोशी, मधू लिमये, बंगालचे खासदार त्रिदिब चौधुरी, अशा एकामागून एक तुकड्या निघाल्या.

स्वयंसेवकाचं काम काय? शाळा बांधायची नव्हती, विहीर खणायची नव्हती. हातात झेंडा, तोंडात घोषणा, आणि चालत जायचं. शस्त्र नाही. हात उगारायचा नाही. पळायचं नाही. अटक झाली तर व्हायची, मार बसला तर खायचा. कागदावर हे सोपं दिसतं. समोरून रायफलीचा दस्ता येत असताना हात खाली ठेवून उभं राहणं हे एक कसब आहे आणि ते शेतावर किंवा शाळेत कुणी शिकवत नाही.

पोर्तुगीज पोलिसांनीही हिशेब बसवला होता. शेकडो माणसांना तुरुंगात ठेवायचं, खायला घालायचं, खटले भरायचे, हे त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून साध्या सत्याग्रहीला बेदम मारायचं आणि हद्दीवर आणून सोडून द्यायचं. पुढाऱ्यांना मात्र लष्करी न्यायालयापुढं उभं करायचं. गोरे, शिरुभाऊ यांना दहा-दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या, मधू लिमयांना बारा वर्षांची. आग्वादच्या किल्ल्यातल्या तुरुंगात ही मंडळी राहिली आणि १९५७च्या सुरुवातीला सुटली. नानासाहेब त्याच वर्षी पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले. मारहाणीसाठी ज्याचं नाव सत्याग्रहींच्या तोंडी राहिलं तो काझिमीर मोंतेरू नावाचा पोलीस एजंट. हाच माणूस पुढं पोर्तुगालचे विरोधी नेते जनरल देल्गादो यांच्या १९६५च्या खुनात गुंतल्याचं उघड झालं. गोव्यातला मार कोणत्या हातांचा होता, त्याचा अंदाज यावरून यावा.

नाक्यावर

केजहून सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी असा जुन्या गाडीवाटेला समांतर रस्ता धरून मी बांद्याला गेलो. बांद्यातून तेरेखोलची नदी वाहते. गाव ओलांडलं की थोड्याच अंतरावर पत्रादेवी, गोव्याचा नाका. मुंबई-गोवा महामार्ग आता रुंद झालाय. समोरच्या बाजूनं परतणाऱ्या गाड्यांची काळजी वेगळीच. पुढं इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क खातं डिकी उघडायला लावतं, म्हणून बाटल्या कुठल्या सीटखाली सरकवायच्या याची चर्चा रस्त्याकडेच्या टपरीवर मोकळेपणानं चालते. जाणाऱ्यांना समुद्राची घाई, येणाऱ्यांना नाक्याची. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी गाड्या थांबत नाहीत.

लाल जांभा दगड, पावसाळ्यात त्यावर चढणारं शेवाळ, दोन्ही बाजूंना काजूची आणि रानटी झाडी. इथं उभं राहून एक गोष्ट कळते, जी वाचून कळत नाही. लपायला जागा भरपूर आहे. ज्याला गुपचूप शिरायचं त्याला कितीतरी पायवाटा. पण १५ ऑगस्ट १९५५ला माणसं रस्त्यानं आली. मुद्दाम, दिसावं म्हणून.

त्या दिवशी हजारो सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून गोवा, दमण आणि दीवमध्ये शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक माणसं मेली, जखमी कितीतरी अधिक. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढं होत्या, त्यांना गोळी लागली. पंजाबातल्या इसरू गावचे कर्नैलसिंग, वय पंचविशीचं, पेशानं शिक्षक, पुढं धावले आणि पत्रादेवीला पडले. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गेले. ज्यांना कोकणी येत नव्हती, ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता, अशा माणसांनी इथं प्राण दिले. सहोद्राबाई वाचल्या आणि दोन वर्षांनी खासदार झाल्या.

बातमी पसरली तशी मुंबई पेटली, ठिकठिकाणी हरताळ झाले. पण दिल्लीनं उलटाच निष्कर्ष काढला. नेहरूंनी सामुदायिक सत्याग्रहाला परवानगी नाकारली, हद्द बंद झाली, पणजीतली भारताची वकिलात उठली. महिन्याभरात तुकड्या थांबल्या. त्या निर्णयावर तेव्हा झोड उठली. सहा वर्षांनी त्याच नेहरूंच्या सरकारला सैन्य पाठवावं लागलं, ते ऑपरेशन विजय दोन दिवसांत आटोपलं. निःशस्त्र माणसांना पुढं घालून गोळ्यांची परीक्षा पाहू नये, एवढ्यापुरते नेहरू बरोबर होते असं मला वाटतं. पण पुढची सहा वर्षं गोव्यात जे चाललं त्याला मात्र काही उत्तर नव्हतं.

घरच्यांचा हिशेब

सत्याग्रहाच्या गोष्टी आपण सांगतो त्या जाणाऱ्यांच्या. जिथं गेलो तिथल्यांचं काय?

गोव्यात तेव्हा लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सरकारी नजरेखालून जायची. फेब्रुवारी १९५४मध्ये म्हापशाला एका मेजवानीत कुणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचं बोललं. डॉ. पुंडलीक गायतोंडे, नावाजलेले सर्जन, त्यांनी तिथंच 'माझा निषेध' म्हटलं. एवढ्यावरून त्यांना धरून पोर्तुगालला पाठवलं. त्यांची पत्नी स्वतः पोर्तुगीज होती. ६ एप्रिल १९५५ला म्हापशातच गोवा काँग्रेसच्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषण वाचताना सुधाताई जोशींना अटक झाली. संस्कृतिकोशकार महादेवशास्त्री जोशींच्या त्या पत्नी. त्या काही वर्षं तुरुंगात राहिल्या.

आणि नाकेबंदी. भारतानं गोव्याशी व्यापार, रेल्वे, पैशांची ये-जा थांबवली, पोर्तुगालला जेरीस आणायला. पण कॅसलरॉकहून मुरगावला जाणारी गाडी बंद पडली तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं काही अडलं नाही. त्याच्या सरकारनं बटाटे हॉलंडहून आणले, चहा सिलोनहून आणला, खाणींतून निघणारं लोखंडाचं खनिज जपानला विकलं. अडलं ते मुंबईच्या गोवेकर कुडांत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, राहणाऱ्या खलाशांचं आणि आचाऱ्यांचं. घरी मनिऑर्डर जाईना. आजारी आईला भेटायला जायचं तर परवान्यासाठी खेटे.

इथं माझं मत स्पष्टच सांगतो. जो परत येऊ शकतो त्या स्वयंसेवकाचं ओझं अर्धं असतं. केजच्या वाडीतला तरुण दस्ता खाऊन परत आला आणि पुन्हा औताला लागला. त्याला चहा देणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या हद्दीलगतच्या पेडण्यातल्या माणसाच्या दारात मात्र दुसऱ्या दिवशी पोलीस उभे असणार. याचा अर्थ त्या तरुणाचं जाणं फुकट होतं असा नाही. अशा तुकड्यांमुळं गोव्याचं नाव जगातल्या वर्तमानपत्रांत गेलं. पण मुक्कामाला राहणाऱ्यांची जात निराळी.

ती निराळी जात बघायची तर मोहन रानडे. सांगलीचे, मूळ नाव मनोहर आपटे. गोव्यात गेले ते मराठीचे शिक्षक म्हणून. पोरांना शिकवलं, गावात मिसळले, आणि आझाद गोमंतक दलातून सशस्त्र लढ्यात उतरले. हा मार्ग सत्याग्रहींचा नव्हे, आणि त्यावर मतभेद तेव्हाही होते. ऑक्टोबर १९५५मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची, आणि रवानगी पोर्तुगालला. १९६१ला गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. सुधीर फडके आणि इतरांनी चिकाटीनं पाठपुरावा केला, तेव्हा कुठं जानेवारी १९६९मध्ये त्यांची सुटका झाली. ज्या मुलखासाठी गेले तो स्वतंत्र होऊन सात वर्षं झाली तरी हा माणूस लिस्बनजवळच्या किल्ल्यात होता.

तुकड्या थांबल्यावर काम चालू ठेवलं तेही असंच राहणाऱ्यांनी. नोव्हेंबर १९५५पासून गोव्याच्या मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी हद्दीवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला. आधी आंबोलीच्या रानात, मग कॅसलरॉकच्या. रोजच्या रोज पोर्तुगीज आणि कोकणीतून बातम्या. ट्रान्समीटर, पाऊस, जळवा आणि साप, अशा संसारात सहा वर्षं. पुढं दोघांनी लग्न केलं. लिबियाबाईंना २०२५ साली, शंभरी गाठल्यावर, पद्मश्री जाहीर झाली.

आणि एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. गोवा सुटल्यावर आपण मराठी लोकांनी तो महाराष्ट्राचाच, असं गृहीत धरलं. आम्ही रक्त सांडलं की! १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल झाला आणि चौतीस हजारांच्या फरकानं गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. मदतीला गेलेल्या पाहुण्याला घराच्या वाटणीत हिस्सा नसतो, हे त्यांनी मतपेटीतून सांगितलं. ते बरोबरच होतं.

हिस्सा न मागणाऱ्या पाहुण्याचं आमच्याच शेजारचं उदाहरण द्यायचं तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, पथकातले इतर परतले तरी तिथंच राहिले, भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२मध्ये तिथंच वारले. त्यांचं नाव चीनमध्ये आजही घेतलं जातं. मागितलं काही नव्हतं.

कागद कुठाय?

गुरुजींच्या वाडीतला तो माणूस परत आला तेव्हा पोटरीला दस्ता बसलेला होता, थोडा लंगडत चालायचा. पुढं स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची हवा झाली. कुणीतरी म्हणालं, अर्ज कर.

''तालुक्याला गेला,'' गुरुजी म्हणाले. ''सायेब म्हनला, जेलात किती दीस होता? ह्यो म्हनला, जेलात न्हाई, मारलं आन् हद्दीवर टाकलं. मग कागद? कागद कोन देनार हो? मारनारा पावती देतो का?''

हीच मेख होती. केंद्राच्या सन्मान योजनेत तुरुंगवासाचा पुरावा लागे, साधारण सहा महिन्यांचा. मारून सोडून दिलेल्यांच्या नावे कुठल्याच तुरुंगात नोंद नव्हती. गोवा लढ्याच्या या टप्प्यातल्या सत्याग्रहींसाठी अटी सैल झाल्या त्या बऱ्याच उशिरा. तोवर गुरुजींचा तो शेजारी गेला होता.

आणि याच्या दुसऱ्या टोकाला आमच्याच बीड जिल्ह्याची अब्रू. हैदराबाद लढ्याच्या नावावर इथं बनावट स्वातंत्र्यसैनिकांचं पीक आलं. ज्यांचा तेव्हा जन्म झाला होता की नाही याची शंका यावी अशांच्या नावावर पेन्शनी निघाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्या. पालकर आयोग बसला. ज्यानं मार खाल्ला त्याच्याकडे कागद नाही, आणि ज्याच्याकडे कागद आहे त्यानं मार खाल्लेला नाही. बीडच्या माणसानं हे लिहिताना शरम वाटावी, तशी मला वाटते.

आग्वादचा तुरुंग २०१५ साली बंद झाला. डिसेंबर २०२१पासून तिथं संग्रहालय आहे. कोठड्या स्वच्छ केल्यात, समुद्राचा वारा सुटतो, माणसं फोटो काढतात. पुढाऱ्यांची नावं तिथं आहेत आणि असायलाच हवीत. पण चालत गेलेल्या, मार खाल्लेल्या आणि रात्री बांद्याच्या बाजूला ढकलून दिलेल्या हजारोंची यादी तिथल्या भिंतीवर मावणारी नाही. ती गावागावांत विखुरलेली आहे, एखाद्या जुन्या फोटोच्या मागं, समितीच्या पावतीवर, कुणाच्या तरी लंगडण्याच्या गोष्टीत.

१९५५ला जो विशीत होता तो आज नव्वदीत आहे. हा अंक हातात घेऊन दिवाळीला गावी जाल तेव्हा आजोबांना, त्यांच्या धाकट्या भावाला, शेजारच्या म्हाताऱ्याला एकदा विचारा, गोव्याला कोण गेलं होतं? नाव, गाव, तुकडी, साल, जे आठवेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. पेन्शनसाठी नव्हे. आणि गोव्याला गाडी काढाल तर बांदा सोडल्यावर पत्रादेवीला दहा मिनिटं थांबा.